चला, बेदर मोजू या!

वीस हजार घोडे! एका बाजारात, दहा दिवसांत, विकायला आणलेले. आणि हा बाजार कुठला? आपल्या अक्कलकोटच्या शेजारचं आळंद, आज कलबुर्गी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पंधराव्या शतकात तिथे वर्षातून एकदा मोठी जत्रा भरायची आणि साऱ्या हिंदुस्थानातून व्यापारी यायचे. लिहून ठेवलंय अफनासी निकितीननं. हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी १४७०च्या आसपास गलबतातून आपल्या कोकणात, चौलला उतरला. त्याच्याजवळ विकायला घोडा होता एक. आणि आळंदच्या बाजारात ऐकले-पाहिले वीस हजार.

हा आकडा डोक्यात मावत नाही ना? मग मोजून पाहू. घोडा नाकापासून शेपटीपर्यंत अडीच मीटर धरा आणि एकामागे एक उभे करा. रांग भरते पन्नास किलोमीटर! पहिला घोडा आळंदच्या वेशीत उभा केला, तर रांग कलबुर्गीत शिरेल, शहर ओलांडेल आणि पलीकडे आणखी सात-आठ किलोमीटर शेतांतून चालत राहील.

आता त्यांना पाणी पाजायचं. एका घोड्याला दिवसाला तीस लिटर, म्हणजे रोजचे सहा लाख लिटर. दुष्काळात गावोगाव फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तसे साठ टँकर, दररोज. वीस फूट रुंदीची, पंधरा-सोळा फूट पाण्यानं भरलेली विहीर घेतली, तर अशा चार विहिरी रोज कोरड्या ठाक. दहा दिवसांत चाळीस विहिरी! चारा तर सोडाच. आणि साधा घोडा आजच्या बाजारात लाखाला धरला, तरी दावणीला बांधलेला माल होतो दोनशे कोटी रुपयांचा. आळंदात. साडेपाचशे वर्षांपूर्वी.

प्रवासी माणूस थोडं वाढवून सांगतो, हे मला मान्य आहे. म्हणून निकितीनच्या आकड्यातलं शेवटचं शून्य खोडा. दोन हजार घोडे उरले. रांग तरी पाच किलोमीटरची राहिलीच! या भागाच्या आकड्यांची हीच मजा आहे. कितीही छाटले तरी ते आपल्यापेक्षा उंचच राहतात.

निकितीन चौलहून जुन्नरला आला, पावसाळा तिथेच काढला, आणि जुन्नरहून महिनाभर चालून बेदरला पोहोचला. महिनाभर! आज रात्री मुंबईत गाडीत बसलेला माणूस लातूर-उदगीर करत दुसऱ्या दिवशी बीदरला उतरतो. नकाशावर आणि स्टेशनच्या पाटीवर नाव बीदर. पण दामाजीपंतांची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या घरांत ते बेदरच, आणि तिथला तो बेदरचा बादशहा.

तो बादशहा, म्हणजे बहमनी सुलतान, राहत होता कसा? निकितीन सांगतो, राजवाड्याला सात दरवाजे. प्रत्येक दरवाज्यात शंभर पहारेकरी आणि शंभर लिहिणारे. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, सगळं टिपून ठेवणारे. सात गुणिले शंभर, म्हणजे सातशे कारकून, आणि काम काय तर फक्त ये-जा लिहिणं! सण आला की सुलतानाच्या मिरवणुकीत पोलादी चिलखतं चढवलेले तीनशे हत्ती. एक हत्ती दिवसाला दीडशे किलो चारा खातो. तीनशे हत्ती म्हणजे पंचेचाळीस टन. दहा टनांचे साडेचार ट्रक भरून वैरण, रोज सकाळी, किल्ल्याच्या चढावरून वर.

आणि सैन्य? सुलतानाचं स्वतःचं तीन लाख! वानखेडे स्टेडियम सामन्याला खचाखच भरलं की तेहतीस हजार माणसं बसतात. अशी नऊ वानखेडे. २०११च्या जनगणनेत सबंध बीदर शहराची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत होती. म्हणजे निकितीनच्या हिशेबात फौजच आजच्या गावापेक्षा मोठी. माणशी अर्धा किलो ज्वारी धरली, तर रोज शंभर किलोची दीड हजार पोती. वर्षाला साडेपाच लाख पोती! पोतं एक मीटर लांब धरून ती रस्त्यावर आडवी टाकत निघालो, तर मुंबई-पुणे अंतर साडेतीन वेळा पोत्यांनी झाकलं जाईल. तेच धान्य आजच्या रेल्वेनं न्यायचं, तर अठ्ठावन्न वाघिणींच्या पंधरा मालगाड्या लागतील.

दामाजीपंतांच्या कथेतलं मंगळवेढ्याचं ते कोठार आता डोळ्यांपुढे आणा. बहमनी राज्याचं धान्य ज्यात साठवलेलं असायचं, त्यातलं एक. दुष्काळात माणसं पटापट मरताना पाहून दामाजीपंतांनी ते लुटायला मोकळं केलं आणि बेदरहून बोलावणं आलं. मंगळवेढा ते बीदर अडीचशे किलोमीटरच्या घरात. कथेत विठ्ठल विठू महार होऊन ते अंतर कापतो आणि दरबारात मोहरा ओततो. लहानपणी कथा ऐकताना चमत्कार वाटतो तो मोहरांचा. पोत्यांचा हिशेब केल्यावर त्या कुलपानं माझी छाती दडपते. एवढं धान्य बादशहाच्या फौजेसाठी बंद होतं आणि एका अधिकाऱ्यानं ते भुकेल्या माणसांसाठी उघडलं!

राज्य तरी केवढं होतं? ३ ऑगस्ट १३४७ला दौलताबादेत हसन बहमनशहा गादीवर बसला आणि त्यानं राजधानी कलबुर्ग्याला, तेव्हाच्या गुलबर्ग्याला, नेली. तिथून १८ सुलतान, जवळजवळ १८० वर्षं. सरासरी काढली तर एका सुलतानाला दहा वर्षं. वजीर महमूद गवाननं १४७२मध्ये गोवा घेतला, पुढे बंगालच्या उपसागराकडचा मुलूख आला, आणि राज्य या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत पसरलं. गोवा ते मछलीपट्टण सरळ रेषेत जवळजवळ आठशे किलोमीटर. मुंबई-पुणे पाच वेळा, तेही डोंगर-दऱ्या न मोजता! या सगळ्याचा कारभार एका पठाराच्या कडेवरून चालायचा.

कलबुर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद वाटेत पाहून घेऊ. ती १३६७ची. लांबी २१६ फूट, रुंदी १७६ फूट. गुणाकार करा, ३८,०१६ चौरस फूट. इतर मशिदींत मधे उघडं अंगण असतं. इथे अंगणच नाही, सगळं छताखाली! सहाशे चौरस फुटांचा मध्यमवर्गी फ्लॅट घेतला तर तसे त्रेसष्ट फ्लॅट एका छपराखाली मावतात. गच्च भरलेल्या बारा डब्यांच्या लोकलमधली सगळी माणसं आत उभी राहतील. जवळच २९ फुटांची तोफ पडलेली आहे. तीन मजली घराएवढी लांब तोफ! आणि याच शहरात सूफी संत ख्वाजा बंदेनवाज ऐंशीच्या घरात असताना राहायला आले आणि १४२२मध्ये वारले तेव्हा वय होतं एकशे एक. ऐंशीव्या वर्षी नव्या गावात बिऱ्हाड मांडायचं आणि आणखी वीस वर्षं त्या गावाला आपलं करायचं, हाही आकडा मला तोफेइतकाच मोठा वाटतो.

मग अहमदशहा वलीनं राजधानी बेदरला हलवली. १४२२ ते १४३६ ही त्याची कारकीर्द. आणि इथून आकडे वर चढायचं सोडून जमिनीत शिरतात. बेदरची खरी कमाल वर बांधलेल्यात जेवढी आहे त्याहून जास्त खाली खोदलेल्यात आहे.

किल्ल्याचा घेर सुमारे चार किलोमीटर, बुरूज ३७. भागाकार करा, दर शंभर-एकशे दहा मीटरला एक बुरूज. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस तटाला लावून उभी केली तर ती पाच बुरुजांना टेकेल, आणि पूर्ण वेढा घालायला अशा सात गाड्या लागतील. पण थांबा, तटाकडे नंतर बघा. आधी खंदक. एक नाही, दोन नाही, तीन! एकाशेजारी एक तीन चर, मधे कातळाच्याच भिंती तशाच राखलेल्या, आणि सगळं अखंड जांभ्यात कोरून काढलेलं. भिंती बांधल्या नाहीत. भोवतालचा दगड काढला आणि भिंती उरल्या.

किती दगड निघाला असेल? हिशेबापुरतं धरू की एक चर दहा मीटर रुंद आणि पाच मीटर खोल. तीन चर, लांबी फक्त एक किलोमीटर. निघाले दीड लाख घनमीटर! रस्त्याच्या कामावर दिसतो तो हायवा डंपर दहा घनमीटरचा. पंधरा हजार डंपर. नाकाला शेपूट लावून उभे केले तर १३५ किलोमीटर. म्हणजे मुंबईतून निघालेली डंपरची रांग घाट चढून, लोणावळा मागे टाकून थेट पिंपरीपर्यंत, मधे सायकल शिरायला जागा नाही! आणि हे खोदलं कशानं? पहार, छिन्नी, घण. एका माणसानं दिवसाला अर्धा घनमीटर फोडला, तर तीन लाख दिवस. हजार माणसं रोज राबली तर तीनशे दिवस, एकही सुट्टी न घेता. फक्त एका किलोमीटरला.

अजून खाली जायचंय. बीदरलगत नौबादला जा. तिथे जमिनीखाली बोगदा आहे. करेझ म्हणतात, गावातले लोक सुरंग बावी म्हणतात. इराणकडची विद्या, बहमनींच्या काळात इथे आली. पठारावर जांभा आहे, तो पाणी पितो. त्याच्याखाली घट्ट थर आहे, तो पाणी अडवतो. या दोघांच्या मधे साठलेलं पाणी बोगद्यानं अलगद उतारावर आणायचं. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. पाणी आपल्या पायांनी चालत येतं! भूगर्भाचं शास्त्र जाणणारे ते नीट समजावून देतील. मी मोजायला बसतो.

बोगदा सुमारे तीन किलोमीटर. एक्स्प्रेस गाड्यांच्या मापात साडेपाच गाड्या जमिनीखाली एकामागे एक. वरून हवा यावी, माती काढता यावी म्हणून उभ्या विहिरी पाडलेल्या, वीस-एकवीस. काही तीस-पस्तीस फूट, काही साठ फुटांच्या घरात. सरासरी पंधरा मीटर धरली आणि एकवीस विहिरी एकावर एक रचल्या तर ३१५ मीटर. चार कुतुबमिनार एकावर एक ठेवून उलटे जमिनीत रोवले तरी तळाला जागा उरेल!

आणि आता ज्या हिशेबानं मला पहिल्यांदा घाम फुटला तो. बोगदा एक माणूस जाईल एवढाच धरा, एक मीटर रुंद, दोन मीटर उंच. तीन किलोमीटरला सहा हजार घनमीटर माल. घमेल्यात पंधरा लिटर मावतं. म्हणजे चार लाख घमेली. प्रत्येक घमेलं पंधरा मीटर वर ओढायचं. चार लाख गुणिले पंधरा, साठ लाख मीटर. सहा हजार किलोमीटर! दोरीनं, हातांनी, सरळ वर. मुंबई ते पुणे चाळीस वेळा, आणि तेही उभं. काश्मीर ते कन्याकुमारी जाऊन परत निघालो तरी अंतर उरतं. कोणाच्या हातांनी? त्यांची नावं कुठल्याच शिलालेखात नाहीत. सुलतानांची आहेत.

या अंधारातून एकदम वर या आणि महमूद गवानच्या मदरशासमोर उभे राहा. १४७२. २०५ फूट बाय १८० फूट, तीन मजले, आणि १३१ फुटांचा मिनार. तेरा मजली इमारत! निळ्या-पिवळ्या कौलांचे तुकडे अजून त्याला चिकटलेले आहेत. इथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. आज तीन हजार पुस्तकं हौशी वाचकाच्या घरातही सापडतात. पण ही हातानं लिहिलेली! एका लेखनिकाला एका ग्रंथाला दोन महिने धरा. सहा हजार महिने. पाचशे वर्षं! मदरसा पुरा झाला त्या दिवशी एका लेखनिकानं बोरू हातात घेतला असता, तर शेवटच्या ग्रंथाची शेवटची ओळ त्यानं १९७२मध्ये लिहिली असती, आपल्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी. आजीनं मिलो आणि सुकडीच्या गोष्टी सांगितल्या, ते हे वर्ष.

हे सगळं उभं केलेल्या महमूद गवानला १४८१मध्ये खोट्या पत्राच्या आधारानं सुलतानानं मारून टाकलं. आणि औरंगजेबाच्या काळात मदरशात दारूगोळा साठवला होता, त्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग एका फटक्यात गेला. पाचशे वर्षांची लेखणी, आणि स्फोटाला लागले असतील काही क्षण. या गुणोत्तराचा हिशेब मी करत नाही.

मोठ्या आकड्यांनी डोळे दमले असतील तर लहान घेऊ. बिदरी काम. सोळा भाग जस्त, एक भाग तांबं. त्यावर कोरायचं, कोरलेल्यात चांदी ठोकायची आणि मग किल्ल्यातली माती लावून धातू काळाकुट्ट करायचा. शतकानुशतकं ऊन-पाऊस न लागलेली तीच माती हवी, कारागीर ती बोटानं घेऊन जिभेवर पारखतात. चांदीची तार मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून बारीक ओढली, तर एका तोळ्यात पंधरा मीटर तार निघते. मुंबई ते पुणे अशी तार ताणायला चांदी किती? जेमतेम एकशे सतरा किलो! २००६ला या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ला बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री.

बसवकल्याण इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६, पन्नास वर्षं तिथून राज्य करत होता. बहमनींच्या सरासरीनं त्याच्या एका कारकिर्दीत पाच सुलतान बसतात! आज तिथे बसवेश्वरांचा १०८ फुटी पुतळा आहे. बीदरजवळच्या अष्टूरला अहमदशहा वलीच्या कबरीवर उरूस भरतो तेव्हा माड्याळहून लिंगायत जंगम भक्तांसह चालत येतात, शंख फुंकतात, आणि उरसाचा मान त्यांचा असतो. मुसलमान त्याला वली म्हणतात, लिंगायत त्याला अल्लमप्रभू मानतात. एका कबरीवर दोन धर्मांचे हजारो लोक, आणि भांडण शून्य! या लेखातलं हे एकच शून्य, आणि माझ्या लेखी तोच इथला सगळ्यात मोठा आकडा.

पण ज्या दगडात हे सगळं कोरलं, तो दगड? तो किती जुना? आता श्वास रोखून धरा.

दख्खनचं पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्यानं भरलं त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली. नेमकं धरायचं तर सहा कोटी साठ लाखांच्या आसपास. तो लाव्हा आजही पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. अख्ख्या महाराष्ट्रावर अंथरून आणखी दोन लाख चौरस किलोमीटर उरतो! त्यावर युगानुयुगं पाऊस पडला, ऊन पडलं, वरचा थर गंजून तांबडा झाला, आणि तो झाला बेदरचा जांभा.

हा काळ मुंबई-पुणे रस्त्यावर अंथरू. मुंबईत सीएसएमटीला लाव्हा उसळतोय. पुणे स्टेशन म्हणजे आज. दीडशे किलोमीटरांत सहा कोटी साठ लाख वर्षं, म्हणजे दर वर्षाला सव्वादोन मिलिमीटर. निघालो. ठाण्याला पोहोचलो तरी पाच कोटी वर्षं बाकी. लोणावळ्याची चिक्की घेतली, अजून पावणेतीन कोटी. पिंपरी गेली, खडकी गेली, माणसाचा पत्ता नाही. पुणे स्टेशनला फक्त सातशे मीटर उरले तेव्हा कुठे तुमच्या-माझ्यासारखा माणूस या पृथ्वीवर दिसू लागला.

आता सावकाश. स्टेशनच्या आत, पाच मीटर बाकी: भीमेकाठच्या सन्नतीत अशोकाचे शिलालेख कोरले जात आहेत. दोन मीटर आणि वर वीतभर: बसवकल्याणला विक्रमादित्य. दीड मीटर: दौलताबादेत हसन बहमनशहाच्या नावानं खुतबा. एक मीटर छत्तीस सेंटिमीटर: बेदरच्या खंदकावर पहिली पहार. त्याच्या अगदी जवळ निकितीन, आळंदचे घोडे, मंगळवेढ्याचं कोठार, महमूद गवानचा मदरसा, सगळे हातभर अंतराच्या आत एकमेकांना खेटून. पाऊण मीटर: मदरशाचा स्फोट. सतरा सेंटिमीटर: १७ सप्टेंबर १९४८, निजामाचं राज्य संपलं. त्याच्यापुढे दीड-दोन सेंटिमीटरवर १ नोव्हेंबर १९५६, जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन राज्यांत तीन तुकडे: उदगीर, निलंगा, अहमदपूर आपल्याकडे, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. मामाचं घर एका राज्यात, आत्याचं दुसऱ्यात.

आणि २९ ऑक्टोबर २०१७ला बीदरहून कलबुर्ग्याला ११० किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. बहमनींच्या दोन राजधान्या पहिल्यांदा रुळांनी थेट जोडल्या गेल्या. त्या गाडीची पहिली शिट्टी आपल्या रस्त्यावर कुठे ऐकू येते? पुण्याच्या आधी दोन सेंटिमीटर. अंगठा आडवा ठेवा, तेवढंच!